वाडीनं मोकळी सोडलेली जागा

भूगोलाला प्रात्यक्षिक परीक्षा असते, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. एका लग्नात शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मला विचारलं, "म्हणजे काय करायचं असतं हो? पृथ्वी फिरवून दाखवायची?" मी म्हटलं, "फिरवायला पाच मार्क, थांबवायला दहा." ते बिचारे जेवणं होईपर्यंत माझ्याकडे फिरकले नाहीत.

प्रात्यक्षिक म्हणजे नकाशा. तो वाचायचा, मोजायचा आणि स्वतः काढायचा. तीन पायांच्या तिकाटण्यावर चौकोनी फळी बसवायची, तिच्यावर कागद ताणायचा, समोर दिसतं ते पट्टीच्या रेषेत पकडून कागदावर आणायचं. उन्हात मान मोडते, वारा कागद उडवतो, आणि शेवटी जे हाती येतं ते बघून मुलांना पहिल्यांदा कळतं की नकाशा आकाशातून पडत नाही. तो कुणीतरी, कुठंतरी उभं राहून काढतो.

लोणावळ्याच्या एका कॉलेजात निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. मला सगळे मुलाणी मॅडम म्हणतात. आमचं घर पवन मावळातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. तरी नोकरीच्या मुलाखतीत समितीतले एक जण कौतुकानं म्हणाले होते, "तुमचं मराठी किती छान आहे!" मी म्हणाले, "सर, तुमचंही." नोकरी मिळाली. बहुतेक दुसरा उमेदवार आला नसावा.

आम्ही काय शिकवत होतो तेही सांगते. माझ्या वर्गातल्या मुली बर्फाच्या घराची आकृती इतकी सुबक काढायच्या की एस्किमोनं भाड्यानं घ्यावं. किरगिझ लोकांचा तंबू, त्यांचं घोडीचं दूध, सगळं तोंडपाठ. त्याच मुलींना म्हटलं, आपल्या आईच्या घराची आकृती काढा, की वही मिटून विचारायच्या, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नव्हतं. खिडकीबाहेर भाताची आवणी चाललेली असायची आणि आम्ही प्रेअरीतला गहू पाठ करत असायचो. पुढे चर्चासत्रांमधून 'शिक्षणाचं निर्वसाहतीकरण' असा एक शब्द माझ्या कानावर आला. शब्द जड आहे, पण चांगला आहे. मला मात्र तो भेटला तेव्हा शब्द नव्हता. एक मुलगी माझ्यासमोर उभी होती आणि ती चिडलेली होती.

सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशाला आम्ही टोपोशीट म्हणतो. त्याची घडी इंग्रजांनी बसवली. त्यांना सारा गोळा करायचा होता आणि फौजा हलवायच्या होत्या, त्यामुळे काय दाखवायचं आणि काय गाळायचं ते त्यांच्या सोयीनं ठरलं. साहेब गेला, खुणा राहिल्या. मी दरवर्षी पहिल्या तासाला आपल्याच भागाचं शीट टेबलावर पसरायची आणि म्हणायची, आपापलं गाव शोधा. मुलं अशी वाकायची की डोक्याला डोकं लागायचं.

त्या वर्षी नीलेश नावाचा सुदुंबऱ्याचा एक मुलगा होता, घोरावाडीहून लोकलनं यायचा. त्याला गाव, ओढा, देऊळ, सगळं सापडलं. कार्ल्याच्या मुलींना लेणी सापडली. मंजुळा उघडे मात्र डोंगरावर बोट फिरवत राहिली.

"मॅडम, आमची वाडी न्हाई हितं."

मंजुळा ठाकर समाजातली. कार्ल्याच्या वर डोंगरात तिची वाडी. वाडीचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. त्या वाडीतून कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली ती पहिली. एरवी वर्गात ती शहरी बोलायची. चिडली की वाडीचं बोलणं वर यायचं.

मी भिंग लावून पाहिलं. हिरव्या रंगात, जंगलाच्या मधोमध, दोन बारीक खुणा होत्या. कोपऱ्यातल्या सूचीत प्रत्येक खुणेचा अर्थ दिलेला असतो. मंजुळानं तो शोधून मोठ्यानं वाचला, "झोपडी, तात्पुरती."

वर्ग हसला. नीलेश म्हणाला, "जंगलात राहता म्हटल्यावर जंगलच दाखवणार ना!"

"माझ्या आजीची आजी तितं जन्मली," मंजुळा म्हणाली. "हायवेवरची हॉटेलं कायमची आन आमी तात्पुरते?"

यावर कुणी हसलं नाही. मी शीटची घडी घातली. पण घरी जाताना ठरवून टाकलं. दरवर्षी आम्ही ग्राम-सर्वेक्षणासाठी मुलांना सहलीसारखं लांब कुठंतरी घेऊन जायचो. या वर्षी डोंगर चढायचा.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे अभ्यासक्रमात बसतं का?"

"अभ्यासक्रमात 'एका गावाचे सर्वेक्षण' आहे, सर. गावाचं नाव दिलेलं नाही."

"पण ते गाव कुठंय? वाडी आहे."

"मग सर्वेक्षण करूनच ठरवू."

त्यांनी परवानगी दिली, पण लेखी नाही. अशी परवानगी म्हणजे काय ते नोकरी केलेल्यांना ठाऊक असतं.

वाडीत गेलो तेव्हा आम्हाला वाटलं होतं की लोक खूश होतील. कॉलेज आपल्या दारी आलं! लोक उंबराखाली बसले होते आणि कुणीही उठलं नाही. वाडीच्या वतीनं बोलायला लहूआबा होते, मंजुळाचे चुलत आजोबा. माणूस हट्टी, तिरकस, आणि ऐकायला कमी येतं असं दाखवून नको ते ऐकूनच न घेणारा.

"नकाशा कुणासाटी?" त्यांनी विचारलं.

"मुलांना शिकण्यासाठी, आबा."

"शिकून झाल्यावर त्यो कुटं जाईल?"

मी खरं ते सांगितलं. "कपाटात."

"मागं बी लोक आलेते. फोटू काढले, गानी म्हनून घेतली, जडीबुटीचं इचारलं. त्ये बी कपाटातच आसंल." मंडळी हसली. "मंग आमाला त्यातलं काय?"

माझ्याबरोबरच्या मुलांना हे उद्धट वाटलं. मला नाही. उलट मला वाटलं, हा प्रश्न तर आम्हीच पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवायला हवा होता: तुम्ही ज्यांचा अभ्यास करता, त्यांना त्यातलं काय? बरीच वादावादी होऊन ठरलं. एक नकाशा वाडीत राहील. त्यावर काढणाऱ्यांबरोबर सांगणाऱ्यांचीही नावं असतील. आणि काय दाखवायचं, काय नाही, ते वाडी ठरवेल. तिसरी अट मी मान्य केली तेव्हा ती मला तिन्हींत सगळ्यात सोपी वाटली होती.

काम सुरू झालं. नकाशाला प्रमाण लागतं. एवढ्या सेंटिमीटरला एवढे मीटर. नीलेशनं टेप घेऊन घर ते झरा अंतर मोजलं. मंजुळाची आई, चांगुणाबाई, डोक्यावर हंडा घेऊन त्याच्या मागून येत होती. ती म्हणाली, "जाताना येवढं, येताना लय हाय बग."

"मावशी, अंतर तेच असतं."

"मंग हा घे."

नीलेशनं हंडा घेतला. चढावर तीन ठिकाणी थांबला. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाला, "मॅडम, हे मीटरमध्ये येत नाही." त्या संध्याकाळी मुलांनी आपणहून ठरवलं की नकाशावर दोन प्रमाणं द्यायची, एक मीटरचं आणि एक विसाव्यांचं. भरल्या हंड्यानं जिथं थांबावं लागतं तिथं टिंब. मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवत होते. एक वाट जाताना आणि येताना दोन वेगळ्या लांबीची असते हे कागदावर पहिल्यांदाच पाहत होते. मला फार आनंद झाला.

मग रायीचा प्रश्न आला. वाडीच्या एका अंगाला जुन्या झाडांचा दाट पट्टा आहे, देवाचा. मी होकायंत्र काढलं तसे लहूआबा म्हणाले, "त्ये न्हाई घ्यायचं."

मी वाद घातला. मनापासून घातला. म्हटलं, "आबा, कागदावर आलं की राखलं जातं. उद्या कुणी कुंपण घालायला आलं तर दाखवता येईल, ही आमची जागा. जे कागदावर नाही ते सरकारला दिसत नाही."

मंजुळा माझ्या बाजूनं होती. तिला तर वाडीचा दगड न् दगड त्या नकाशावर हवा होता. पण तिची आईच उठली.

"धबधबा बी कागदावर नव्हता," ती म्हणाली. "कुनीतरी मोबाइलवर टाकला. आता शनिवार-आयतवार तितं बाया धुनं घेऊन जाऊ शकत न्हाईत. गानी लावत्यात, बाटल्या फोडत्यात. माझ्या जावंचा पाय काचंनं फाटला. कागदावर आल्यानं तुमाला दिसतं बाई, पन सगळ्यांनाच दिसतं."

मंजुळा आईशी भांडली. मग चुलतीशी. सगळी वाडी भांडली, आमच्याशी कधी न वापरलेल्या आपल्या ठाकरी बोलीत; मला अर्धंच कळत होतं. तरणी पोरं म्हणत होती दाखवा, बायका म्हणत होत्या नको. मला मध्ये कुणी काही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. शेवटी वाडीनं ठरवलं, राय नकाशावर यायची नाही. मंजुळा दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग तिनंच तो भाग कोरा सोडला, भोवती बारीक तुटक रेघ मारली आणि सूचीत एक रिकामा चौकोन काढून त्यापुढे लिहिलं: 'वाडीनं मोकळी सोडलेली जागा'.

प्रात्यक्षिक परीक्षेला दोन परीक्षक असतात. एक शिकवणारा, म्हणजे मी. दुसरा बाहेरच्या कॉलेजातून येतो. त्या वर्षी आलेले सर विषयात पक्के होते, सभ्य होते, चहासुद्धा काम संपवून घ्यायचे. मंजुळाचा नकाशा त्यांनी बराच वेळ पाहिला.

"रेखाटन सुंदर आहे. पण हे विसाव्यांचं प्रमाण? आणि ही जागा मोकळी का?"

"तिथं काय आहे ते सांगायचं नाही असं वाडीनं ठरवलंय, सर."

"मला सांगायला हरकत नाही. मी परीक्षक आहे."

"तुम्ही माझे परीक्षक आहात, सर. वाडीचे नाही."

ती हे उर्मटपणे बोलली नाही. सरांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, नकाशा एकानं काढला तरी दुसऱ्याला वाचता यायला हवा. प्रत्येकानं आपापली खूण काढली, आपापली जागा लपवली, तर शास्त्र कुठं राहिलं?"

प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "वाचता येतोय की, सर. मोकळी म्हणून वाचायची."

"जंगलच असणार तिथं. चार झाडं दाखवायला सांगा तिला. दुपारपर्यंत वेळ देतो. नाहीतर प्रकल्प अपूर्ण, आणि अपूर्णाला मी पास करू शकत नाही."

मी मंजुळाला व्हरांड्यात घेऊन गेले. तिला बी.एड.ला जायचं होतं. घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि वर्ष वाया गेलं असतं तर ते बोलणं थांबलं नसतं. मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मॅडम, तुमी काय केलं असतं?"

"मला माहीत नाही. माझं वर्ष पणाला लागलेलं नाही."

"मला ती राय दाखवायचीच हुती," ती म्हणाली. "मी हरले. पन आता वाडीचा शब्द हाय. मी झाडं काढली तर त्यो बी तात्पुरता."

मी आत गेले आणि सरांना सांगितलं की मंजुळा काहीही बदलणार नाही, आणि ती नापास असेल तर मी गुणपत्रकावर सही करणार नाही. सह्या दोघांच्या लागतात. एक नसली तर विद्यापीठ तो कागद घेत नाही. म्हणजे अख्ख्या वर्गाचा निकाल अडकला.

पुढचे दिवस वाईट गेले. प्राचार्यांना आपण परवानगी दिल्याचं आठवेना. मुलं माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, तिच्या चार झाडांपायी आमचं का अडवता?" एका मुलीनं मंजुळाशी बोलणं टाकलं, ते कायमचंच. त्या मुलांचा राग मला आजही योग्य वाटतो. मी त्यांच्या भविष्याशी खेळत होते आणि त्यांना विचारलंही नव्हतं. पण सही केली असती तर मंजुळाशी खेळले असते, आणि ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नसतं. रोज असेच खेळ होतात आणि त्यांना आपण नियम म्हणतो.

विद्यापीठात खुलासा द्यायला बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी नीलेश गेटवर थांबलेला दिसला. हातात विभागातलंच एक टोपोशीट, गुंडाळी केलेलं.

"मॅडम, हे त्यांना दाखवा." त्यानं कागद माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. "आपल्या इथे किती लष्कराच्या जागा आहेत! आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, कुठल्या कुंपणामागे काय ते. पण नकाशात बघा. काहीच नाही. मोकळं." मग जरा ओशाळून म्हणाला, "तिच्यासाठी म्हणून नाही हां. मला माझा निकाल पाहिजे."

समितीत तिघे होते. मला अर्धा दिवस बाहेर बसवून आत घेतलं. शिस्त, प्रमाणीकरण, विद्यार्थ्यांचं हित, सगळं ऐकून घेतलं. मग मी टोपोशीट उघडलं.

"हा सरकारी नकाशा. या जागी काय आहे ते इथे दाखवलेलं नाही. सुरक्षेसाठी दाखवत नाहीत आणि ते योग्यच आहे. आजवर कुठल्याही परीक्षकानं हा नकाशा अपूर्ण म्हणून नापास केलेला नाही. राखायची जागा नकाशाबाहेर ठेवण्याचा हक्क सरकारला आहे. वाडीला का नाही? एवढंच मला लेखी द्या, मी लगेच सही करते."

लेखी कुणी दिलं नाही. अध्यक्ष बाई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही फार ताणता, मॅडम." मी म्हटलं, "कागद ताणल्याशिवाय नकाशा नीट येत नाही."

काही दिवसांनी बदललेलं गुणपत्रक आलं आणि मी सही केली. मंजुळा पास झाली, अगदी काठावर. वर्गाचा निकाल लागला. मला ताकीद मिळाली, आणि विद्यापीठाच्या परीक्षेचं काम पुन्हा कधी मिळालं नाही. पुढच्या वर्षी परिपत्रक आलं की प्रकल्पात प्रमाणित खुणांखेरीज काहीही वापरू नये. म्हणजे आम्ही जिंकलो नाही. अभ्यासक्रम मी बदलू शकले नाही. त्याची खंत आहे आणि ती जात नाही. पण 'एका गावाचे सर्वेक्षण' हे वाक्य कुणी खोडलं नव्हतं, म्हणून मी दरवर्षी मुलांना वाड्यांवर नेत राहिले. आधी विचारायचं, मग पाय ठेवायचा. एका कातकरी वाडीनं सरळ सांगितलं, आम्हाला तुमचा नकाशा नको. आम्ही पाणी पिऊन परत आलो. मुलं हिरमुसली. मी त्यांना त्या दिवसाचे पूर्ण मार्क दिले, कारण नकार ऐकून मुकाट्यानं परत येणं हे आमच्या विषयात आजवर कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता वारं फिरलंय. देशी ज्ञान, आदिवासी ज्ञान यांवर चर्चासत्रं होतात, भलेमोठे फलक लागतात. मागच्या वर्षी पुण्यात अशा एका चर्चासत्राला मला बोलावलं आणि सांगितलं, येताना कुणी आदिवासी व्यक्ती आणता येईल का, शक्यतो पारंपरिक पोशाखात. मी मंजुळाचा नंबर दिला. ती आता आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. म्हणजे पूर्ण काम आणि अर्धी नोकरी.

ती आली, नेहमीच्या ड्रेसमध्ये, खांद्याला पर्स. आधीचे वक्ते इंग्रजीत बोलले, आपापल्या मुळांकडे कसं परतावं याविषयी. मंजुळा उभी राहिली आणि ठाकरांच्या बोलीत बोलू लागली. हळू नाही, सोपं करून नाही. जशी आईशी भांडते तशी. सभागृहात चुळबूळ झाली. सूत्रसंचालक लगबगीनं जवळ आले आणि कानाशी म्हणाले, पण माइक चालू होता, "मॅडम, प्लीज, मराठीत घ्या ना. लोकांना समजत नाहीये."

मंजुळा थांबली. मग शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाली, "सर, पहिलीपासून मी तुमच्या भाषेत बसले. नाही समजलं तरी बसले. तुम्ही वीस मिनिटं बसा."

आणि पुन्हा आपल्या बोलीत सुरू झाली. काहीजण उठून चहाला गेले. मी पहिल्या रांगेत होते. अर्धं मला कळलं नाही. मी बसून राहिले.